दहा मिनिटं पुढे

१० सप्टेंबर, बुधवार

घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायला काही खर्च येत नाही, असं मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल. आज खरा हिशेब झाला. वर्षभराचं, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचं काम. मागची शेड. त्या शेडमधली अकरा माणसं, दिवाळी झाली की. आणि बबन खराडेचं हसू. यातलं हसू सगळ्यात महाग पडलं.

डोकं ठिकाणावर आहे तोवर नीट लिहून ठेवतो. कंपनीचा ऑनलाइन लिलाव, चारला बंद. ज्याचा दर कमी त्याला काम. पानावर आपलाच आकडा दिसतो. बाकी कोण बसलंय, किती टाकलाय, काही कळत नाही. दर आधी टाकला की पर्चेसमधून फुटतो, हे चाकणच्या प्रत्येक व्हेंडरचं बाळकडू. म्हणून शेवटच्या मिनिटाला टाकायचा. मोबाईल बंद करून ड्रॉवरमध्ये, कारण त्या तासाला सगळे एकमेकांना फोन करून चाचपत असतात. केबिनमध्ये मी आणि कॉम्प्युटर, बस.

कॉम्प्युटरात पावणेचार. आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे, म्हणजे खरे ३.३५. चहा सांगितला. मग चार वाजले, म्हणजे खरे ३.५०. बिस्कीट बुडवलं. आणि पान करडं झालं. बोली बंद. आकडा टाइप केलेला तसाच.

मोबाईल चालू करून पाहिला. त्यातही चारच. कॉम्प्युटर बरोबर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सहाला कळलं, काम बबनला गेलं.

११ सप्टेंबर

सकाळी शेडमध्ये उभं राहून विचारलं, केबिनमधल्या घड्याळाला हात कोणी लावला. जरा मोठ्यानं विचारलं. हात लावणाऱ्याला आजच घरी पाठवीन, असंही म्हणालो. ऑफिस सांभाळणारी शुभांगी खाली मान घालून बिलं लावत राहिली.

ही दहा मिनिटं मूळची माझी नव्हेत, मुकादमाची. मी आणि बबन भोसरीच्या गोडाऊनवर एकाच दिवशी लागलो, परदेशी मशिनांची खोकी फोडून खिळे उपटायला. मुकादम म्हणायचा, घड्याळ दहा मिनिटं पुढे लावा, मालकाची शिवी कधी खाणार नाही. पुढे दोघांनी मिळून धंदा काढला. मग फाटलं. त्याला बापाची जमीन होती, मला दापोडीतली दीड खोली. पण दोघांच्याही शेडमध्ये घड्याळं मुकादमाचीच राहिली.

म्हणजे माझ्या घड्याळाची खोड बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक. घे.

दुपारी इरफान आला. दिघीचा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझे, आणि बबनचेही. सोमवारी प्रिंटरसाठी येऊन गेला होता. त्यानं बघून सांगितलं, घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर टाकलंय, सोमवारीच. आता ते नेटवरून आपोआप बरोबर होतं.

"मी नाही केलं, भाऊ."

आवाज जरा चिरकला. मी फळी बोटानं ठोकून आतली चीर सांगतो, तर माणसाचं काय. माझे कान आजवर फसलेले नाहीत.

चहा पाजला. पाठीवर हात ठेवला. काही दाखवलं नाही.

१४ सप्टें., रवि.

मोशीला मिसळ खायला एकटाच. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे बबन, चार व्हेंडर घेऊन बसलेला. मी त्याला दिसलो नाही, तो मला ऐकू आला.

"आयुष्यभर गडी दहा मिनटं पुढं पळाला. आन् ऐन टायमाला चहा पीत बसला."

सगळे फिदीफिदी. कोणी तरी विचारलं, राव, चहा तरी गरम होता का.

चहाचं ह्याला कसं कळलं? मी घरी बायकोला, संगीतालासुद्धा सांगितलं नव्हतं. आता शंकेला जागा नाही. इरफान आणि ब., दोघं मिळालेले.

गेल्या वर्षी ह्याच लिलावात चार सेकंद उरले असताना दर आणखी उतरवून मी ह्याला उताणा पाडला होता. नुसते चार सेकंद. तेव्हापासून चाकणमध्ये शेवटचं मिनिट माझ्या बापाचं, हे सगळे मानतात. तेव्हा मी चारचौघांत त्याच्यावर हसलो नव्हतो. म्हणजे हसलो, पण तो तिथे नव्हता.

मिसळ अर्धी सोडली. निघताना गल्ल्यावर माझं बिल दिलं आणि त्याच्या टेबलाचंही देऊन टाकलं. नाव सांगू नको म्हटलं. बसू दे महिनाभर विचार करत, कोणी दिलं आणि का दिलं.

१७ सप्टें.

पर्चेसची मेल. ९ ऑक्टोबरला एक्स्पोर्टच्या खोक्यांचा लिलाव. तीच कंपनी, तेच चार वाजता. हे काम मिळालं तर मागची शेड वाचते, अकरा जण राहतात. ब. बसणार हे धरून चालायचं. हे काम घेतलं की त्याचीही दिवाळी उरकून टाकायची, असं ठरवलंय.

इरफानला पुन्हा बोलावलं, म्हटलं, मला हे वेळेचं प्रकरण शिकव. त्याला आनंद झाला. चोराला पोलिसानं कुलपाबद्दल विचारलं तर होईल तसा.

तर असं आहे. कॉम्प्युटर नेटवरून एका सर्व्हरला विचारतो, किती वाजले. आपण कधी विचारलं आणि उत्तर कधी आलं, हे टिपून ठेवतो. जाण्यायेण्यात गेलेल्या वेळाचा अर्धा धरतो आणि तेवढा उत्तरात मिळवतो. तो सर्व्हर त्याच्या वरच्याला विचारतो, वरचा त्याच्या वरच्याला, अशी उतरंड पार अणुघड्याळापर्यंत. दापोडीत अण्णा, माझे वडील, कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. अख्खी गल्ली लावायची. हे तेच, फक्त भोंगा कानापर्यंत यायला लागलेला वेळसुद्धा हा हिशेबात धरतो.

अण्णांना आवडलं असतं. ते म्हणायचे, भोंगा साहेबाचा असतो, पण वेळ कोणाच्या बापाची नसते.

एकाच सर्व्हरवर विसंबू नये, हेही सांगितलं त्यानं. एखादा चुकला तर बाकीच्यांवरून कळतं. तीन-चार लावून घेतले. आता माझं घड्याळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर. आख्ख्या एमआयडीसीत कोणाचं नसेल.

२२ सप्टें., घटस्थापना

रागाच्या भरात शेडमधली भिंतीवरची घड्याळंही खऱ्या वेळेवर आणून ठेवली होती. आज सकाळची शिफ्ट अख्खी दहा मिनिटं उशिरा. विचारलं तर म्हणाले, शेठ, घड्याळ पुढे असतं ना. इतकी वर्षं सगळे मनातल्या मनात वजाबाकी करत होते. मुकादमाच्या दहा मिनिटांचा कोणालाच फायदा नव्हता, हे मालक सोडून सगळ्यांना माहीत होतं.

भिंतीवरची पुन्हा पुढे केली. माणसं बदलत नाहीत, घड्याळं बदलावी.

केबिनमधलं मात्र खरंच ठेवलं.

२५ सप्टें.

ह्या चार दिवसांत बरंच रचलं आणि मोडलं. त्याच्या कॉम्प्युटरला खोटी वेळ पाजायची, असं डोक्यात होतं. आपलाच एक सर्व्हर उभा करायचा, पाच मिनिटं मागे चालणारा. इरफानला आडून विचारलं, असं करता येतं का. येतं म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

आज तळेगाव चौकात अर्धा तास अडकलो होतो, तेव्हा सुचलं. खोटं कशाला पाहिजे? ब.चं घड्याळही दहा मिनिटं पुढे. तोही वजाबाकी करणार. त्याचा फोनही लिलावाच्या वेळी बंद करून बायकोकडे असतो, जुनी सवय. त्याला नुसती खरी वेळ दिली की झालं. जे माझ्यावर आलं तेच, जसंच्या तसं.

मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा मी हसत होतो.

२८ सप्टें., रवि.

देव देतो तेव्हा. ब.चा व्हॉइस मेसेज. "इलास, खंडेनवमीला ये. आई आठवण काढतीया." धंदा फाटला तरी खंडेनवमीचं बोलावणं त्यानं कधी चुकवलं नाही, आणि मी कधी नाही म्हटलं नाही. जुना रिवाज.

तीनदा ऐकला मेसेज. आवाजात गुर्मी शोधत होतो. असेलच.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी

झालं.

ब.च्या शेडमध्ये करवती, खिळे मारायच्या गन, कॉम्प्रेसर, सगळ्यांना झेंडू. फोर्कलिफ्टला केळीचे खुंट. कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू. ब. नव्या शर्टात, दंडाला धरून मला केबिनमध्ये घेऊन गेला. "बस हितं, गार हाय. मी नारळाचं बघून येतो." आणि गेला. दार ओढून.

कॉम्प्युटर चालूच. कोपऱ्यात १२.५२. माझ्या मोबाईलमध्ये १२.४२. मुकादम अजून जिवंत आहे.

सेटिंग उघडलं. माउसवर कुंकू होतं, बोटाला लागलं. एकच बटण. कोपऱ्यातले आकडे क्षणभर थबकले आणि दहा मिनिटं मागे आले. उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तो कॉम्प्युटर तो फक्त लिलावाला वापरतो, बाकीचं सगळं सीए बघतो. नऊ तारखेपर्यंत कोणी तिकडे बघायचं नाही.

मी काही बिघडवलं नाही. दुरुस्त केलं. कोर्टात उभं केलं तरी हेच सांगेन.

बाहेर आलो तर खुर्चीवर त्याची आई. वॉकर बाजूला. गोडाऊनच्या दिवसांत माझा डबा नसायचा तेव्हा हिची भाकरी दोघांत असायची. मी पाया पडलो.

"वाळलास रं इलास. बायको जेवाया घालती न्हवं?"

घालते म्हटलं. तिनं पुरणपोळ्या बांधून दिल्या, तूप वेगळं. ब. नारळ घेऊन आला, म्हणाला, "केबिनात गरम झालं का? घाम आलाय."

गाडीत बसल्यावर मोठ्यानं हसायचं ठरवलं होतं. गाडीत बसलो. एसी लावला.

२ ऑक्टो.

सकाळी दापोडीच्या विहारात. संगीता पांढऱ्या साडीत पुढे, मी मागे. पंचशील म्हणताना चौथ्याशी थांबलो, खोटं न बोलण्याचं. तपासून पाहिलं. मी कुठे खोटं बोललो? उलट एका माणसाच्या भिंतीआड खोटं चाललं होतं, ते थांबवलं. ह्या न्यायानं पुण्यच लागायला पाहिजे.

परत येताना संगीता म्हणाली, काल कपाळाला कुंकू नाही आणि बोटाला कसं? सांगून टाकलं सगळं. ती ऐकते बायकोसारखी नाही, जजसारखी. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि त्या बाईच्या पोळ्या खाल्ल्यास?"

चार खाल्ल्या. चांगल्या होत्या. त्याचा याच्याशी काय संबंध.

४ ऑक्टो., शनि.

आज मूड बरा होता. शुभांगीला सहज म्हटलं, गुरुवारी बघ मजा, आपल्या घड्याळाला हात लावणाऱ्याचा हिशेब होणार. ती उभीच राहिली. रडायला लागली.

तिनं केलं होतं.

सोमवारी, आठ तारखेला. डिजिटल सही चढत नव्हती, चार वेळा परत आली. तिनं कस्टमर केअरला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरची वेळ चुकीची आहे, ऑटोमॅटिक करा. तिनं केलं. सही चढली.

मला सांगायचं नाही?

"सांगितलं होतं, सर. तुम्ही पलीकडच्या केबिनमधला फोन ऐकत होतात. 'बरं, बरं' म्हणालात."

आठवेना. मग आठवलं. पलीकडे माल उतरवायला आलेला ट्रकवाला कोणाला तरी आमच्या दराबद्दल बोलतोय असं वाटलं होतं, म्हणून कान तिकडे. तो बायकोशी बोलत होता.

अकरा तारखेला का गप्प राहिलीस? तर म्हणे, तुम्ही घरी पाठवीन म्हणालात. आणि चहाचं बबनला कसं कळलं, हे मी विचारण्याआधी तिनंच सांगितलं. "सर, त्या दिवशी तुम्ही चहा, बिस्कीट, सगळं इतक्या मोठ्यानं सांगितलंत की शेजारच्या तिन्ही शेडना ऐकू गेलं."

तिला घरी पाठवलं नाही. चहा मागवला, दोघांना. गार झाला.

५ ऑक्टो.

मधल्या काळात भोसरीत दोघा-तिघांना सांगून बसलो होतो की इरफानवर भरवसा ठेवू नका. त्याला दोन फोन केले. उचलत नाही. मेसेज टाकला, ये, चहा घेऊ. दोन निळ्या रेघा. उत्तर नाही.

७ ऑक्टो.

पुन्हा सगळं मांडून पाहिलं. ब.नं माझ्या घड्याळाला हात लावला नाही, कबूल. पण हसला की नाही? हसला. चार माणसांत. माझ्या चहावर. त्याला ऐकून माहीत होतं की माझी मागची शेड जाणार, तरी हसला. मग जे केलं ते त्या हसण्याचं धरू. रक्कम तीच, खातं बदललं.

संगीताला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, हे तू मला सांगतोयस की स्वतःला?

माणसांना बोनसचं गुरुवारनंतर ठरेल असं सांगितलंय. मागच्या शेडवाले माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या बुटांकडे बघतात.

त्याचा कॉम्प्युटर आत्ता, ह्या क्षणी, कुठल्या तरी सर्व्हरला वेळ विचारत असेल आणि बरोबर करून घेत असेल. मीच लावून दिलेलं. बंद करायचं तर पुन्हा तिथे जावं लागेल, किंवा सांगावं लागेल.

सांगायचं काय? अरे, तुझं घड्याळ बरोबर आहे, सांभाळ?

९ ऑक्टो., गुरु., सकाळ

दहाला ब.चा फोन. लिलावाच्या दिवशीचा नेहमीचा, चाचपणीचा.

"काय इलास, आज किती टाकतुयास?"

मी म्हटलं, तू सांग, मी त्याहून एक रुपया कमी टाकतो. हसला. मग घड्याळावर आलाच, यायचाच होता. म्हणाला, माझ्याकडं अजून मुकादमाचाच टाइम हाय, दहा मिनटं पुढं, तुझ्यावानी शहाणपणा न्हाई केला. चहा मात्र लिलाव झाल्यावर पे.

इथे सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं. चहाचं ऐकलं आणि मिटलं.

मग तो म्हणाला, "गेल्या साली तुला मोकळं रान सोडलं. आई आयसीयूत होती, मी त्या लिलावाकडं बघितलं बी न्हाई. औंदा न्हाई सोडायचा."

फोन ठेवला. म्हटलं, गडी अजून तसाच. हरल्याचं पचत नाही, म्हणून आईला मध्ये आणतोय. आवाज नीट ऐकला होता मी. थापच होती. पण आता माझ्या कानांचं काय सांगावं.

अकरा वाजले. इरफानचा मेसेज अजून नाही. शुभांगीनं विचारलं, सर, मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवू का. राहू दे म्हटलं. ब.चा नंबर दोनदा काढला, दोनदा खाली ठेवला. चारला बराच वेळ आहे. आज सांगितलं तर तो दर टाकणार, आणि त्याचा दर माझ्याहून कमी असला तर मागची शेड गेली. नाही सांगितलं तर तोही तसाच बिस्कीट बुडवून बसणार.

साडेअकराला पर्चेसच्या मॅडमचा फोन, खोक्यांच्या मापाचं विचारायला. मापं सांगितली. मग सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, मॅडम, गेल्या वर्षी पॅलेटच्या लिलावात किती जण होते हो? त्यांनी बघून सांगितलं.

बोली एकच आली होती. माझी.